शिट्ट्या मोजू नका, तापमान मोजा : बायोटेकच्या प्रशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

बायोटेक्नॉलॉजीच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच : ‘पुस्तकात लिहिलंय तसंच केलं, तरी बिघडलं.’ त्यातले सहा प्रश्न आणि शेवटी एक छोटा, असे सात इथं घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण दुखणीही सारखी नाहीत.

प्रश्न : मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालंय. पुण्यात एका आठवड्यात पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), एलायझा (प्रतिपिंडांनी रेणू ओळखणं), एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणं), टिश्यू कल्चर (बाटलीत रोपं वाढवणं), ॲनिमल सेल कल्चर आणि फर्मेंटेशन, सगळं ‘हँड्स-ऑन’ शिकवणाऱ्या कोर्सची जाहिरात पाहिली. फी भरावी का?
— विद्यार्थिनी, बारामती

फी भरण्याआधी कागद-पेन घ्या आणि तासांचा हिशेब मांडा. एलायझाची प्लेट कोट करून रात्रभर ठेवायची म्हटली तर दोन दिवस गेले. जिवंत पेशींची कुपी वितळवून फ्लास्कमध्ये टाकली की पेशी चिकटायला एक दिवस आणि फ्लास्क भरायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. मग पहिलं पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून लावणं), आणि हात बसायला किमान दोन पॅसेज तरी हवीत. फर्मेंटर, म्हणजे जंतू वाढवायचं यंत्र, एक दिवस तयारीचा, १८ ते २४ तास चालवण्याचा आणि पुढचा दिवस काढणी-धुण्याचा. केळीचा कोंब बाटलीत टाकल्यावर काही दिसायलाच तीन-चार आठवडे जातात. हे सगळं सात दिवसांत बसवायचं तर एकच मार्ग उरतो : कुणीतरी आधी करून ठेवलेलं तुम्हाला दाखवायचं. म्हणजे तुम्ही वरातीत असाल, बोहल्यावर नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. एका टेबलावर किती जण आणि एका पिपेटमागे (थोडासा द्रव मोजून उचलायचं साधन) किती? तीनपेक्षा जास्त असतील तर तिसऱ्याचा हात फक्त वहीवर चालतो. मीडियम (जंतूंचं, पेशींचं खाद्य) कोण बनवतं? बाटल्या भरून, ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाच्या वाफेत निर्जंतुक होऊन) समोर येत असतील तर निम्मं शिक्षण तिथंच हुकलं. वजन करणं, पीएच लावणं, अगार (मीडियम घट्ट करणारी पूड) आधी घातला की नंतर, हे चुकूनच कळतं. माझा प्रयोग फसला तर तो पुन्हा करू देणार का? आणि एक प्रश्न जरा खोचक वाटेल, पण विचाराच : वापरत असलेल्या कल्चरचा नंबर काय? पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून किंवा तशाच नोंदणीकृत ठिकाणाहून आणलेल्या स्ट्रेनला (जंतूच्या वाणाला) क्रमांक असतो. ‘आमच्याकडे आहे ना एक ई. कोलाय’ असं उत्तर आलं, तर बाकीच्या नोंदीही तशाच असतील असं समजायला हरकत नाही.

आमचं मत असं : सहा तंत्रं सात दिवसांत पाहण्यापेक्षा एकच तंत्र चार-सहा आठवडे करा. मुलाखतीत ‘पीसीआर येतं’ याला किंमत नाही. ‘डीएनए न घातलेल्या कंट्रोल ट्यूबमध्येही बँड (जेलवरची डीएनएची रेघ) आला, मग पाणी, प्रायमर, मास्टर मिक्स एकेक बदलून बघितलं आणि दोष पाण्याच्या ट्यूबमध्ये सापडला’ हे सांगता आलं तर समोरचा खुर्चीत सावरून बसतो. फसलेल्या जेलचे फोटोही वहीत चिकटवून ठेवा. पदवी हातात आहे, तर शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली (१९६१) कंपन्या घेतात त्या जागांसाठीही अर्ज करा. तिथं फी नसते, उलट विद्यावेतन मिळतं.

प्रश्न : आमचं जैविक खतांचं छोटं युनिट आहे. मीडियमच्या ५०० मिलीच्या बाटल्या १५ पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड, असा दाब) १५ मिनिटं ठेवतो. गेजचा काटा बरोबर असतो, बाटलीवरच्या उष्णतासूचक टेपच्या रेघाही काळ्या होतात. तरी दोन दिवसांत काही बाटल्या गढूळ होतात. ऑटोक्लेव्ह बदलावा का?
— युनिटचालक, चाकण

एवढ्यात नको. काटा दाब सांगतो, जंतू तापमानानं मरतात. आत नुसती वाफ असेल तरच १५ पीएसआय म्हणजे १२१ अंश सेल्सिअस. आत हवा अडकली तर काटा तोच आकडा दाखवतो, तापमान मात्र घसरतं : निम्मी हवा राहिली तर सुमारे ११२ अंश. नऊ अंशांचा हा फरक किरकोळ नाही. दर १० अंशांना बीजाणू (काही जंतूंची उष्णतेलाही दाद न देणारी रूपं) मारण्याचा वेग साधारण दहापट बदलतो. म्हणजे ११२ अंशांवरची तुमची १५ मिनिटं १२१ अंशांवरच्या दोन मिनिटांइतकीसुद्धा भरत नाहीत. म्हणून झाकण लावल्यावर हवेचा कॉक उघडा ठेवा. आधी फुसफुस-थांब, फुसफुस-थांब अशी वाफ येते. ती सलग, जोरात येऊ लागल्यावर आणखी पाच मिनिटं जाऊ द्या आणि मगच कॉक बंद करा. कामगार घाईत हीच पायरी गाळतो.

दुसरं, आपलं गाव. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब मोजतं, आणि बाहेरची हवाच इथं हलकी. त्यामुळे मुंबईत १५ पीएसआयला १२१ अंश मिळतात, तर इथं जेमतेम १२०. एक अंश कमी म्हणजे मारण्याचा वेग पाचव्या हिश्शानं कमी, १५ मिनिटांच्या जागी १९ मिनिटं. शक्य असेल तर आत तापमानाचा प्रोब बसवा आणि काट्याऐवजी त्याच्याकडे बघा.

तिसरं, ५०० मिलीची बाटली. भांड्यातली वाफ १२० अंशांना पोचते तेव्हा बाटलीच्या पोटातलं पाणी बरंच मागे असतं. छोट्या टेस्ट ट्यूबला वरची १९ मिनिटं पुरतात, अर्ध्या लिटरला २५ ते ३० द्या. बाटली दोन-तृतीयांशच भरा, झाकण अर्धा आटा सैल ठेवा आणि बाटल्यांमध्ये बोटभर जागा सोडा. टेपच्या काळ्या रेघांना इथपर्यंत ऊब आली एवढंच कळतं. आतलं मेलं की नाही ते त्यांना कळत नाही. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची कुपी सर्वांत मोठ्या बाटलीशेजारी, मधोमध ठेवा; नंतर ५५ ते ६० अंशांवर ४८ तास ठेवून रंग बदलतो का बघा. बदलला तर ती फेरी नापास. सोबत ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली एक कुपीही उबवा. तिचा रंग बदललाच पाहिजे, नाहीतर कुप्याच मेलेल्या होत्या.

हे सगळं करण्याआधी मात्र एक तपास करा, कारण दोष कदाचित ऑटोक्लेव्हचा नसेलच. दहा बाटल्या काहीही न टोचता (म्हणजे आपले जंतू न घालता), झाकण न उघडता ३० अंशांवर दोन दिवस ठेवा. त्या स्वच्छ राहिल्या तर गुन्हेगार पुढच्या टप्प्यात आहे : टोचताना, ओतताना, हवेत. गढूळ झाल्या तर एक थेंब ग्रॅम स्टेन करा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा). बीजाणूवाले जांभळे दंड दिसले तर निर्जंतुकीकरण अपुरं. गोल, पुंजक्यातले जंतू आणि प्लेटवर पिवळट वसाहती दिसल्या तर त्या बहुधा माणसाच्या त्वचेवरून आलेल्या. बुरशी असेल तर हवा, एसीची जाळी, किंवा पावसाळ्यात ओलसर झालेले कापसाचे बोळे. आषाढ-श्रावणात बोळा दमट झाला की बुरशीचे तंतू त्यातून आरपार जातात. वरून कागद बांधा आणि भिजलेला बोळा सरळ बदला. अगारच्या प्लेट असतील तर आणखी सोपं आहे : वसाहत अगारच्या आत रुतलेली असेल तर ओतण्याआधीची, पृष्ठभागावर असेल तर नंतरची.

मिनिटं वाढवताना साखरेकडे लक्ष ठेवा. ग्लुकोज आणि अमिनो आम्लं एकत्र जास्त तापली की मीडियम तपकिरी होतं आणि वाढ मंदावते. ग्लुकोज वेगळ्या बाटलीत शिजवून थंड झाल्यावर मिसळा.

जाता जाता : काही जण याच कामाला घरचा कुकर वापरतात. त्याचं वजन साधारण एक किलो दर चौरस सेंटिमीटरला उचलतं, म्हणजे इथं सुमारे ११९ अंश. शंभर मिलीच्या बाटल्यांना चालेल. पण आधी वजन न लावता वाफ सलग जाऊ द्या, मग वजन ठेवून घड्याळ लावा. तीन शिट्ट्यांत डाळ शिजते, बीजाणू नाही.

प्रश्न : एकच पिपेट, एकच नमुना, पण माझी आणि सहकाऱ्याची रीडिंग नेहमी वेगळी येतात. चूक कुणाची?
— क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागातील वाचक, भोसरी

तराजूला विचारा. छोट्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी १०० मायक्रोलिटर असं दहा वेळा टाका आणि प्रत्येक वेळी वजन लिहा. २५ अंशांना १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन ९९.६ मिलिग्रॅम भरतं. शंभर मायक्रोलिटरच्या पिपेटसाठी आयएसओ ८६५५ची मुभा अशी : सरासरी ०.८ मायक्रोलिटरपेक्षा जास्त हलू नये आणि दहा आकड्यांतला विखुर ०.३ च्या आत राहावा. दोघांनीही करा. दोघांची सरासरी एकाच बाजूला सरकली असेल तर पिपेट कॅलिब्रेशनला पाठवा. एकाचाच विखुर मोठा असेल तर हात शिकवायला हवा. आणि वजन डोळ्यांदेखत कमी होत असेल तर तो पुण्याचा एप्रिल. कोरड्या हवेत पाणी उडतं, भांड्यावर झाकण ठेवा.

हाताच्या चुका ठरलेल्या असतात. बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढणं ही सर्वांत जास्त दिसणारी. त्यात प्रत्येक वेळी जास्तच येतं. टिप खोल बुडवली तर बाहेरून थेंब चिकटतो. दोन-तीन मिलिमीटर पुरे. ओढताना पिपेट उभी हवी. कोरड्या नव्या टिपमध्ये पहिला घोट कमी येतो, म्हणून दोन-तीनदा ओढून-सोडून टिप ओली करा. ग्लिसरॉल किंवा प्रथिनांच्या घट्ट द्रावणाला उलटी पद्धत : दुसऱ्या टप्प्यापासून ओढा, पहिल्यापर्यंतच सोडा आणि टिपमध्ये उरलेलं टाकून द्या. टिपमध्ये द्रव असताना पिपेट आडवी ठेवू नका. आतला दांडा गंजला की कुठलीही पद्धत कामाची नाही.

प्रश्न : गावात केळीच्या टिश्यू कल्चरची छोटी लॅब काढायची आहे. गटातल्या दोन मुलींना प्रशिक्षणाला पाठवणार आहोत. त्यांनी नेमकं काय शिकून यावं?
— शेतकरी गट, इंदापूर

पुणे जिल्ह्याला हे तंत्र नवं नाही. एनसीएलच्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये बांबूला काचेच्या बाटलीतच फुलं आणून दाखवली होती, आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची रोपं तयार होतात. पण लॅब फायद्यात चालते ती न दिसणाऱ्या तीन गोष्टींवर.

पहिली, मातृवृक्ष. टिश्यू कल्चरनं रोग आपोआप धुऊन निघतात हा मोठा गैरसमज आहे. मुनव्यात (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलात) विषाणू असेल तर लॅब त्याच्याही हजार प्रती काढते. पर्णगुच्छ, कुकुंबर मोझॅक, ब्रॅक्ट मोझॅक आणि स्ट्रीक या चार विषाणूंची तपासणी मुनवा बाटलीत घालण्याआधी व्हायला हवी. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणन योजना आहे. मुलींनी तिथले नमुने आणि लेबलं कशी असतात ते पाहून यावं.

दुसरी, हात. तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडून, माती धुऊन, सोलत सोलत दोन-तीन सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर आणायचा. मग निर्जंतुकीकरण आणि निर्जंतुक पाण्याचे तीन हात. पुस्तकात ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड लिहिलेलं सापडेल. ते काम करतं, पण पारा आहे. मोरीत ओतता येत नाही, त्याचा कचरा वेगळा साठवून द्यावा लागतो. गावच्या लॅबनं सोडियम हायपोक्लोराइटवर हात बसवावा हे बरं. मीडियम मुराशिगे-स्कूगचं, १९६२ पासून चालत आलेलं : लिटरला ३० ग्रॅम साखर, ७ ते ८ ग्रॅम अगार, पीएच ५.८, फुटव्यांसाठी बीएपी हे वाढ-संप्रेरक ४ ते ५ मिलिग्रॅम. पीएच ५च्या खाली गेला तर अगार घट्ट होत नाही. सहाच्या वर गेला तर दगड. कापलेल्या जागेतून काळा रस निघून मीडियम काळवंडतं, तेव्हा पहिल्या आठवड्यात दोनदा नव्या बाटलीत हलवा आणि कापल्याबरोबर ॲस्कॉर्बिक आम्लाच्या पाण्यात बुडवा. खोली २५ अंश, दिवसाचा उजेड १६ तास.

तिसरी, हिशेब. एका फेरीला (कोंब सुटे करून नव्या बाटल्यांत लावणं) तीन-चार आठवडे आणि एकाचे तीन कोंब धरले तर सहा फेऱ्यांत ७२९ होतात. सातवी, आठवी करायचा मोह होतो, तिथंच थांबायचं. जास्त फेऱ्यांनी बुटकी, पट्टेरी, वेडीवाकडी रोपं निघायला लागतात आणि ती लॅबमध्ये नाही, शेतकऱ्याच्या रानात आठव्या महिन्यात दिसतात. प्रत्येक बाटलीवर मातृवृक्ष, फेरी आणि तारीख हवी. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कोंबाच्या बुडाशी दुधाळ वलय दिसलं तर तो बाहेरून आलेला जंतू नाही, उतींत लपलेला आहे. ती अख्खी ओळ काढून टाका, एकेक बाटली वाचवत बसू नका.

मुळांसाठी निम्म्या ताकदीचं मीडियम आणि आयबीए हे मुळं फुटवणारं संप्रेरक १ मिलिग्रॅम. पुढचं हार्डनिंग (रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावणं) मुलींना दाखवलं जात नाही आणि नुकसान तिथंच होतं. बाटलीतल्या रोपाच्या पानावर मेण जवळजवळ नसतं आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटत नाहीत. मुळांचं अगार कोमट पाण्यात पूर्ण धुवा (उरलेल्या साखरेवर बुरशी येते), कोकोपीटमध्ये ८० ते ९० टक्के आर्द्रतेत चार-सहा आठवडे ठेवा, मग ५० टक्के शेडनेट. त्यामुळे सहा आठवड्यांपेक्षा कमी प्रशिक्षण घेऊ नका, आणि त्यातले दोन आठवडे हरितगृहातले असावेत.

प्रश्न : शेक फ्लास्कमध्ये ई. कोलायचा ओडी (गढूळपणावरून वाढ मोजणारा आकडा) १० येतो, पाच लिटरच्या फर्मेंटरमध्ये २ वर अडतो. वर फेस येतो तो वेगळाच. कुठं चुकतंय?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, हिंजवडी

आधी ओडी कसा घेतला ते सांगा. क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या नमुन्याच्या छोट्या भांड्यात) ०.६ ते ०.८ च्या वर आकडा वाढीच्या प्रमाणात चढत नाही आणि बऱ्याच यंत्रांत दोनच्या आसपास आडवा होतो. फ्लास्कचा नमुना दहापट पातळ केला आणि फर्मेंटरचा तसाच वाचला, असं झालं असेल तर जंतू बिचारे वाढतच होते. अशी चूक वाटते त्यापेक्षा नेहमीची आहे.

पातळ करूनही दोनच असेल तर ऑक्सिजन बघा. तीन लिटर मीडियमला मिनिटाला तीन लिटर हवा द्या, विरघळलेला ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली गेला की ढवळणी वाढवत न्या. प्रोब खरं बोलतोय का, हा त्याच्या आधीचा प्रश्न. पीएचचा प्रोब ऑटोक्लेव्ह करण्याआधी ७ आणि ४ च्या बफरवर लावायचा. ऑक्सिजनचा १०० टक्के मात्र नंतर, कामाच्या तापमानाला, हवा आणि ढवळणी चालू करून, जंतू घालण्याआधी. थंड मीडियममध्ये लावलेला १०० टक्के ३७ अंशांना खोटा ठरतो.

फेसाला प्रतिफेनक (फेस मोडणारं द्रव्य) थेंबाथेंबानं. घाबरून पाच-दहा मिली ओतलं तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ऑक्सिजन आणखी घटतो. फेस बाहेर जाणाऱ्या हवेच्या फिल्टरपर्यंत पोचला तर फिल्टर ओला होऊन चोंदतो, भांड्यात दाब चढतो. म्हणून शेजारी एक जादा निर्जंतुक फिल्टर चिमट्यानं बंद करून ठेवतात. आणि सुरुवातीलाच खूप ग्लुकोज दिलं असेल तर ई. कोलाय ॲसिटिक आम्ल करतो, पीएच खाली ओढतो आणि स्वतःच गुदमरतो. ग्लुकोज थोडं थोडं पुरवा.

प्रश्न : मुलगी लसींच्या कारखान्यात उत्पादन विभागात लागली. टिकली, काजळ, मंगळसूत्र काहीच चालत नाही म्हणते. एवढं कडक कशाला? तसंच वहीत खाडाखोड केली म्हणून तिला बोलणी बसली.
— वडील, हडपसर

काका, ती बरोबर सांगतेय. कुपी भरतात त्या जागी एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. साध्या खोलीत हा आकडा कोटींच्या घरात जाऊ शकतो. त्या खोलीत सर्वांत जास्त कण सोडणारी वस्तू म्हणजे माणूस : त्वचा, केस, पावडर, काजळ. टिकलीचा गोंद सुटून टिकली कुठंही पडू शकते, मंगळसूत्राच्या मण्यांत घाम आणि जंतू साठतात, हातमोजा फाटतो. कपाळ-गळ्याचा प्रश्न श्रद्धेचा वाटला तरी नियम पुरुषांच्या अंगठ्या, गंडे-दोरे आणि दाढीलाही तोच आहे. शिफ्टला जाताना घरीच काढून ठेवलेलं बरं, म्हणजे लॉकरमध्ये हरवायची भीती नाही.

वहीचं असं : चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यायला हवा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, आणि हातावर लिहून घेऊन नंतर उतरवणं तर मुळीच नाही. चूक केली म्हणून सहसा कुणी काढत नाही. लपवली म्हणून काढतात.

थोडक्यात : कनिष्ठ महाविद्यालयात मुलांसाठी कल्चर ठेवायची आहेत, उणे ८० अंशांचा फ्रीजर नाही. — शिक्षक, सासवड

यीस्ट, बॅसिलस सबटिलिस, ॲझोटोबॅक्टर अशी निरुपद्रवी कल्चर क्रमांकासह मागवा. आलेल्या कल्चरचे चार-पाच तिरपे अगार (नळीत तिरपा गोठवलेला अगार) करा. एक ‘मूळ’, बाकीचे ‘कामाचे’. कामाचा संपला की मूळ उघडा. कामाच्यावरून कामाचा असं वर्षभर करत राहिलं तर स्ट्रेन बदलतो. रायझोबियम हा कडधान्यांच्या मुळांवरचा जंतू तर गाठी करणंच विसरू शकतो. मूळ तिरप्यावर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन ओता, अगारच्या टोकाच्या वर एक सेंटिमीटर, आणि नळी फ्रीजमध्ये ४ अंशांवर उभी ठेवा. पॅराफिन कोरड्या भट्टीत १६० अंशांना दोन तास तापवा. ऑटोक्लेव्हमध्ये पाणी शिरून ते दुधाळ होतं. नळीतून काढलेला तेलकट लूप (जंतू उचलायची तारेची कडी) सरळ ज्योतीत धरू नका, जिवंत जंतूंसकट तेल उडतं. आधी नळीच्या काठाला निथळू द्या, मग ज्योतीच्या कडेला हळूहळू वाळवून लाल करा.